गडग्यावरची पोच

आमच्या आणि काकूंच्या परड्यामध्ये एक गडगा आहे. कमरेएवढा, दगडावर दगड नुसता रचलेला, चुना नाही की सिमेंट नाही. गुरं आत येऊ नयेत म्हणून कधीतरी घातलेला. गुरं गेली, गडगा राहिला. आता त्याचा उपयोग टेकून बोलण्यापुरता. मे महिन्यात मी लांजा तालुक्यातल्या या घरी आले की दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आत पलीकडून हाक येते, "उठलीस काय गो?" याचा अर्थ मी उठले का, असा नसतो. बातमी आहे, असा असतो.

काकू एक नेम पाळतात. गावातल्या कुणाचं नाव तोंडातून काढायचं नाही. "नाव घेऊन बोलते ती चुगली. मी आपली हकिगत सांगते," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात माणसं नसतात, पत्ते असतात: वरचे, व्हाळाकडचे, फणसाखालचे, चक्कीवाले. ऐकणाऱ्याला सगळं नावागावासकट कळतं आणि काकूंचा नेमही मोडत नाही.

यंदाची बातमी वरच्यांची होती.

काकूंसमोर रातांब्यांची टोपली होती. फळ फोडायचं, साल सुपात, गर आणि बिया पातेल्यात. बोटं मनगटापर्यंत लाल.

"आक्का गेली ते कळलं ना तुला?"

"कार्तिकात ना? आई म्हणाली होती फोनवर."

"त्रिपुरीच्या आदल्या दिवशी. नव्वदीला टेकलेली, पण कुणाला पाणी मागायची वेळ आली नाही. चहा प्यायली, कप स्वतः विसळला आणि आडवी झाली ती झालीच. ते असू दे. आता सातबाऱ्यावर वारस चढवायचे म्हणून थोरला आला पुण्याहून. बहिणीसाठी कागद तयार करूनच आला होता."

"कसला कागद?"

"हक्कसोडीचा. भाऊ बहिणीकडे दुसरा कसला कागद घेऊन जातो?"

वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने 1994 साली दिला, साऱ्या देशात तो 2005 साली आला. आमच्या वाडीत तो अजून यायचा आहे. बहिणीला साडी, नारळ आणि दोन गोड शब्द दिले की सही होते, हा इथला जुना कायदा.

"मग केली का ठाण्याचीने सही?"

"करते म्हणाली. दोन कलमं आणि एक कातळ, घेऊन करू काय, म्हणाली. पण दादा, आईची ट्रंक माझ्यासमोर उघडायची. माझ्या सहीच्या आधी."

ती ट्रंक मीही पाहिली आहे. माजघरात तांदळाच्या कणगीमागे असायची आणि किल्ली आक्काच्या कनवटीला. आत सोनं आहे असं थोरल्याच्या बायकोला वाटत होतं, काहीच नाही असं ठाण्याचीला. काकू म्हणाल्या, निघाली दोन नऊवारी लुगडी, चांदीची जोडवी, आबांचा गिरणीचा पास. पास बघून थोरला खूश झाला. म्हाडाच्या घरासाठी गिरणीतल्या नोकरीचा पुरावा लागतो, तो आयता मिळाला.

"आणि तळाशी," काकू हात थांबवून म्हणाल्या, "पत्रांची तार."

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. जुन्या घरात तुळईला तारेचा एक आकडा लटकत असे. आलेलं पत्र वाचून झालं की त्यात ओवायचं. घराची खतावणीच ती. कोण जन्मलं, कोण पास झालं, कुणाचं लग्न ठरलं, सगळं एकावर एक. मृत्यूची बातमी तेवढी त्यात नसे. त्या कार्डाचा कोपरा फाडलेला असायचा आणि वाचून झालं की ते घरात ठेवायचं नाही, असा रिवाज.

"आक्काला वाचता येत होतं?"

"छे. अंगठा. तरी पत्रं तिच्या ट्रंकेत. निळी अंतर्देशीय, मधून मधून कार्डं, मनीऑर्डरीची कुपनं. सगळी एकाच अक्षरातली. कुणाचं असेल सांग अक्षर?"

मी आवाज खाली आणला. "आबांचं?"

"आबा तेव्हा इथंच होते गो. घरात बसलेला नवरा घरात पत्र टाकतो?"

"मग?"

काकूंनी इकडे-तिकडे बघितलं. व्हाळाकडून कुणी येत नव्हतं. "धाकट्यांचं," त्या म्हणाल्या.

मी गडग्यावर टेकलेली होते ती सरळ उभी राहिले.

धाकटे म्हणजे आबांचे सख्खे भाऊ. वरच्यांचं घर मी पाहतेय तेव्हापासून मधोमध भिंतीने कापलेलं आहे. पडवी कापली, माजघर कापलं, अंगणातली तुळस तेवढी कापता आली नाही म्हणून पलीकडे दुसरी लावली. कारण सगळ्या वाडीला तोंडपाठ. दोघे भाऊ एकाच गिरणीत कामाला, लालबागला गाववाल्यांच्या खोलीत राहायला. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांमागे मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. आमच्या जिल्ह्यात चुली मनीऑर्डरीवर पेटायच्या. त्या चुलींचा धूर कमी झाला. दोन-तीन महिने झाल्यावर माणसं गावाला परतू लागली, कुणी शेतात, कुणी चिरेखाणीवर. आबाही आले. ते अखेरपर्यंत संपात राहिले. धाकटे चार महिन्यांतच पोलीस बंदोबस्तात गिरणीच्या दारातून आत गेले. जो आत गेला तो 'फुटला'. आबांनी भावाशी बोलणं टाकलं.

कोकणात भाऊ वेगळे होतात, चूल वेगळी होते, जमिनीचे तुकडे पडतात, तरी गणपती एकच राहतो. पुढच्या भाद्रपदात वरच्यांकडे दोन गणपती आले. गणपती वेगळा झाला की मग मध्यस्थसुद्धा घरी जातात.

तो संप कुणी रीतसर मागे घेतलाच नाही. मिटला असं कुणी जाहीर केलं नाही. नुसता संपत गेला. वरच्यांचं भांडणही तसंच. फक्त ते संपलंही नव्हतं. आबा गेले, धाकटे गेले, त्यांची पोरं पन्नाशी-साठीला आली आणि विसर्जनाच्या वाटेवर अजून दोन पालख्यांत वीस हात अंतर ठेवून चालत होती.

"त्या धाकट्यांची पत्रं आक्काने जपून ठेवली? काय होतं त्यांत?"

काकूंनी सालं मीठ घातलेल्या रसात बुडवली, निथळून खळ्यात पसरली. "आज एवढंच. आमसुलाला पुटं द्यावी लागतात. आज रसात घालायचं, वाळवायचं, उद्या परत रसात. एका उन्हात होत नाही."

दुसऱ्या दिवशी मीच आधी गडग्याशी गेले.

"अडतीस पत्रं," काकू म्हणाल्या. "ज्याच्याशी बोलणं टाकलं त्याची. आणि सगळी अर्धी."

"फाटलेली?"

"फाटलेली नव्हेत गो. धाकट्यांनी लिहिलेलं तेवढं होतं. 'दादा, तुझं पत्र पावलं, तू म्हणतोस ते पटलं.' दादा काय म्हणाला होता? 'तुझ्या मनासारखं करतो.' काय होतं मनात? ते ह्या ट्रंकेत कसं मिळणार? आपल्या घरात दुसऱ्याची पत्रं असतात. आपल्या बापाने काय लिहिलं, ते दुसऱ्याच्या घरात असतं."

मी आजवर कितीतरी जुनी पत्रं हाताळली, पण हा साधा हिशेब माझ्या ध्यानात आला नव्हता.

"मग?"

"मग काय! ठाण्याची उठली आणि भिंतीला वळसा घालून गेली पलीकडे. किती पावलं असतील? सात. थोरला मागून ओरडला, कुठे चाललीस? ती म्हणाली, बाबांनी काय लिहिलंय ते वाचायला."

पलीकडे धाकट्यांचा मुलगा असतो. एसटीत कंडक्टर होता, आता निवृत्त. त्याने दारातच सांगितलं, सातबाऱ्याला सही हवी असेल तर वकिलाकडून ये. ती म्हणाली, सही नको, काकांचा पत्रांचा डबा आहे का? तो गप्प उभा राहिला. मग आत गेला आणि बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा घेऊन आला. बाप गेल्यापासून उघडला नव्हता. बापाला शिव्या देणाऱ्याची पत्रं बापाने कशाला ठेवली, हे कोडं नको म्हणून उघडला नव्हता.

रात्री अंगणात, दोन तुळशींच्या मधे, चटई अंथरली. दोन्हीकडची पत्रं टपालाच्या शिक्क्यांवरून तारखेने लावली. एक इकडचं, एक तिकडचं. ठाण्याची मोठ्याने वाचत होती, थोरला भिंतीला टेकून ऐकत होता, एसटीवाला बॅटरी धरून बसला होता.

"पहिलं पत्र आबांचं निघालं. इथून मुंबईला लिहिलेलं, चैत्रातलं." काकू सालं उलटत सांगत होत्या. "लिहिलं होतं, मी फिरणार नाही, माझा जीव त्यात आहे. पण दोघे बसलो तर दोन्हीकडची मिळून सात पोरं उपाशी मरतील. तू जा कामावर. चारचौघांत मी तुझ्याशी बोलणार नाही, वेळ आली तर वाईटही बोलेन. मनात धरू नकोस."

माझा विश्वास बसेना. "म्हणजे आबांनीच सांगितलं?"

"आबांनीच. आणि फितूर कोण झालं? धाकटे."

"आणि पैसे?"

"पगार झाला की मनीऑर्डर. आबांच्या नावाने नाही, आक्काच्या नावाने. संप फोडून मिळालेल्या पैशाला आबांचा हात पुढे होईना. तसं लिहिलंय त्यांनी. भावाला जा म्हणून सांगितलं, भावाने आणलेलं जेवले, पण सही काही करवेना. म्हणून अंगठा आक्काचा." काकूंनी एक साल उन्हाकडे धरून पाहिली. "पुरुषांची तत्त्वं अशी चालतात बघ. कुणीतरी अंगठा काळा करणारं घरात लागतं."

मग आठवणी जागेवर बसत गेल्या. ठाण्याचीला आठवलं, ती लहान असताना आबा कधी कधी पहाटे अंधारात फाट्याकडे जायचे. हातात आंब्यांची करंडी, खांद्यावर तांदळाची पिशवी. येताना हात मोकळे. 'भाव चांगला आला, वाटेतच विकले' म्हणायचे. पत्रांत खुलासा निघाला. धाकटे रातराणीने फाट्यावर उतरायचे, तिथल्या वडाखाली दोघं अर्धा तास बसायचे आणि उजाडायच्या आत परतीची गाडी.

"'घरी येत नाही, पोरं विचारतील. आईला सांग मी जाडा झालोय,'" काकू हसल्या. "जाडा कसला, काडी झाली होती माणसाची."

मी ते टिपलं. "काकू, तुम्ही वाचलीत ती पत्रं?"

"ठाण्याचीने सांगितलं," त्या म्हणाल्या आणि मिठाची बरणी आणायला आत गेल्या. मीठ समोरच होतं.

परत आल्या तेव्हा मी दुसरंच विचारलं. हे लुटुपुटीचं भांडण खरं कधी झालं?

"जेव्हा दोन गणपती बसले तेव्हा. आबांना वाटलं होतं, दोन-चार महिन्यांत संप मिटेल, मग हळूच सगळं एक करू. संप मिटेना. पोरं शाळेत भांडू लागली, जावा पाणवठ्यावर भांडू लागल्या. धाकटीला तर काहीच ठाऊक नव्हतं, ती मनापासून भांडायची. मग भाद्रपद आला, वेगळी मूर्ती आली. आता देवासमोर कोण सांगणार की हे सगळं सोंग होतं?"

पुढे एका पत्रात आबांनी भावाची माफी मागितली होती. तोवर नोकरी गेली ती गेलीच होती. मिळायचं ते काही मिळालं नव्हतं. वाडीच्या मंडळाने मात्र 'अखेरपर्यंत टिकलेला' म्हणून शाल-नारळ देऊन सत्कार केला होता. त्या रात्री बसून लिहिलं असावं. पोरांना द्यायला माझ्याकडे नावाशिवाय काही उरलं नाही, आणि ते नाव मी तुझ्या नावावर उभं केलं. पोरांना सांगू नकोस. त्यांना वाटू दे बाप ताठ होता. मला क्षमा कर.

"धाकट्यांनी उत्तर पाठवलं ते 15 पैशांच्या कार्डावर," काकू म्हणाल्या. "उघडं कार्ड. पोस्टमनने वाचावं, कुणीही वाचावं. 'माफीचं लिहिलंस ते पोचलं. भात लावून झालं का?' एवढंच."

आम्ही दोघी थोडा वेळ काही बोललो नाही. वर आंब्यावर कावळा ओरडत होता.

"शेवटी ते कोपरा फाटलेलं कार्ड," काकू म्हणाल्या. "डॉक्टर सामंतांचा खून झाला 16 जानेवारी 1997 ला. धाकटे त्याच वर्षी पावसाळ्यात गेले, मुंबईतच. वैर असलं तरी सुतक चुकत नाही, म्हणून मुलाने कार्ड टाकलं. वाचून बाहेर टाकायचं ते कार्ड. आबांनी घरात ठेवलं. तारेत ओवलं, सगळ्या पत्रांच्या वर. मी म्हटलं आक्काला, अगो, घरात ठेवू नये ते..."

त्या थबकल्या. मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"उद्या सांगते," काकू म्हणाल्या. "ऊन उतरलं."

ऊन उतरलेलं नव्हतं. सकाळचे साडेनऊ वाजले होते.

तिसऱ्या दिवशी हाक आली नाही. मी चहा घेऊन गडग्याशी गेले तर काकू पाठमोऱ्या बसलेल्या. आमसुलं आता काळपट लाल झाली होती, कडा आत वळल्या होत्या.

"डब्याच्या तळाला पावत्या निघाल्या," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "एकतीस."

जुन्या मनीऑर्डरचा फॉर्म आता कुणाला आठवणार? 1880 साली सुरू झालेली ती पद्धत टपाल खात्याने 2015 साली बंद केली. फॉर्मच्या एका तुकड्यावर खुशालीच्या चार ओळी लिहायला जागा असे. तो तुकडा पैसे घेणाऱ्याकडे राहायचा. दुसरा तुकडा पोचेचा. त्यावर पैसे मिळाल्याची सही होऊन तो पाठवणाऱ्याकडे परत जायचा. घेणारा अक्षरशत्रू असेल तर डाव्या अंगठ्याचा ठसा आणि शेजारी साक्षीदाराची सही.

एकतीस पावत्यांवर आक्काचा अंगठा होता. आणि एकतीस पावत्यांवर एकाच साक्षीदाराची सही.

"तुमची," मी म्हटलं.

"नवीन लग्न होऊन आले होते. सातवी पास. वाडीतल्या बायकांत अक्षर येणारी मी एकटी. पोस्टमन आला की आक्का मला ह्याच गडग्यावरून हाक मारायची. पत्र आलं की मीच वाचून दाखवायची. आबांनी कधी वाचायचं टाळलं, तर तेही मीच." काकूंनी पदराने हात पुसले. "पहिल्याच मनीऑर्डरीच्या वेळी आक्काने ग्रामदेवीची आण घातली मला. माझ्या मुलांच्या कानावर गेलं तर बघ, म्हणाली."

पोस्टमन केव्हाच वारला. आबा, धाकटे, आक्का गेले. ठाऊक असलेलं माणूस एकच उरलं होतं, आणि सगळं गाव त्याच माणसाला बोलघेवडं म्हणत होतं.

"एसटीवाला परवा आला. हा इथं, तू उभी आहेस तिथं. पावत्या गडग्यावर मांडल्या, वाऱ्याने उडू नयेत म्हणून वर दगड ठेवला. म्हणाला, काकू, ही सही तुमची ना? मी म्हटलं, माझीच. म्हणाला, मग एवढी वर्षं बोलला का नाहीत? म्हटलं, आण होती. तर म्हणतो, दोन वर्षांपूर्वी विसर्जनाला नदीवर दादा मला काय म्हणाला ते तुम्ही ऐकलंत."

मलाही ते ऐकून माहीत होतं. पालखी पुढे काढण्यावरून बाचाबाची झाली आणि थोरला चारचौघांत ओरडला होता, फुटक्यांनी मागून यायचं.

"होते मी तिथं," काकू म्हणाल्या. "आरतीचं ताट होतं माझ्या हातात. एवढं म्हटलं असतं, बाबा रे, ह्या फुटक्याच्या बापाच्या पैशावर तू वाढलास. नाही म्हटलं. लोक म्हणतात हिच्या तोंडात तीळ भिजत नाही. एवढा एकच तीळ चाळीस वर्षं सुका ठेवला बघ. कुठला भिजू द्यायचा आणि कुठला नाही, तेच कळलं नाही."

मग त्यांनी धाकट्यांचं नाव घेतलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट, मनीऑर्डरच्या फॉर्मवर लिहितात तसं. इतक्या वर्षांत काकूंच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं नाव. मी ते इथे लिहीत नाही. तो नेम आता माझ्याकडे आलाय.

"एसटीवाला काय म्हणाला मग?"

"काय म्हणणार? कोकमाचं सरबत दिलं, प्यायला. पावत्या गोळा केल्या. जाताना म्हणाला, साखर जास्त झालीय. म्हणजे पुन्हा येईल. तोडून टाकायचं असतं तर सरबताला नावं ठेवली नसती."

खरी गाठ पुढेच होती. थोरला मनाने वाईट नाही. पत्रं वाचून झाल्यावर पहाटे तो भिंतीजवळ गेला आणि चुलतभावाला म्हणाला, आबांनी माफी मागितली, काकांनी केली. म्हणजे विषय मिटला. आपण कशाला ताणायचं?

एसटीवाल्याने बॅटरी विझवली. म्हणाला, "बाबांनी सोडला तो त्यांचा हिस्सा. हक्कसोड ज्याची त्याने करायची असते, दादा. तुझ्या बहिणीलाच विचार. शाळेत फुटका म्हणायचे ते मला, बाबांना नाही. माझ्या बहिणीचं स्थळ मोडलं, ते बाबांचं नव्हतं. त्या सातबाऱ्यावर माझं नाव आहे. ते बाबांना सोडता येत नाही."

मी काकूंना म्हटलं, बरोबर बोलला तो.

"बरोबर बोलला म्हणूनच थोरल्याला झोप लागेना. नदीवर चारचौघांत बोलला होता, मग परसात येऊन हळूच सॉरी म्हणून कसं चालेल? आणि चारचौघांत सांगायचं तर आबांचं पत्र वाचावं लागतं. शाल-नारळ मिळालेला बाप उघडा पडतो. बापाने पत्रात हात जोडून सांगितलंय, पोरांना कळू देऊ नको."

पुढच्या रविवारी देवळात वाडीची बैठक होती, नळपाणी योजनेच्या वर्गणीची. थोरला उठला आणि म्हणाला, आधी मला एक पत्र वाचायचं आहे. वाचलं. सगळं, 'तू जा कामावर'पासून 'मला क्षमा कर'पर्यंत. मग म्हणाला, नदीवर मी जो शब्द वापरला तो मी मागे घेतो, आणि चाळीस वर्षं आम्ही जो वापरला तोही.

"कुणी काही बोललं?"

"आधी शुकशुकाट. मग फणसाखालचे उठले. पंचाऐंशीचे म्हातारे, उठायलाच पाच मिनिटं लागली. म्हणाले, आमच्याकडेही तसंच होतं, मी बसलो आणि मेव्हण्याला पाठवला. त्यावर चक्कीवाले म्हणाले, आमच्याही घरात. असे तीन निघाले गो! तीन घरं, जी आपल्याच माणसाला फितूर म्हणत त्याच्याच पैशावर पेज प्यायली. प्रत्येकाला वाटत होतं, आपलंच घर तेवढं खोटं."

ह्यावर मी मनाशीच म्हटलं, त्या संपाबद्दल आपण इतकं वाचतो, पण त्याचा हा जमाखर्च कुठल्या पुस्तकात असणार? तो कणगीमागच्या ट्रंकांतच राहिलेला. भांडणाची नोंद सगळ्या गावाने ठेवली. समेट झाला त्याचा फेरफार मात्र कुणी घातलाच नाही, आणि पोरांच्या वाट्याला नुसतं भांडण आलं.

"आणि एसटीवाला? तो काय म्हणाला बैठकीत?"

"तो? तो म्हणाला, पत्र वाचून झालं असेल तर वर्गणीचा विषय घ्या, शेवटची गाडी चुकेल माझी."

"बस?"

"बस. एवढ्यात गळ्यात पडले असते तर मी विश्वास ठेवला नसता."

"हक्कसोडीचा कागद?"

"ट्रंकेत आहे. थोरल्याने परत काढला नाही, ठाण्याचीने आठवण केली नाही."

"मग यंदा गणपती?"

काकूंनी आमसुलं सुपात भरली. दोन बोटांत एक दाबून पाहिलं. अजून एक पूट हवं होतं. "गणपतीचं विचारू नकोस. बसवलेला असा बंद करता येत नाही. भटजींना विचारावं लागेल, देवीला कौल लावावा लागेल. आणि कौल काय, देवी देईल. माणसांनी मागायला हवा."

मी जूनच्या पहिल्या आठवड्यात परतले. गाडीत बसायच्या आधी गडग्याशी गेले, काकू घरात नव्हत्या. वरच्यांकडे गेल्या होत्या, असं कळलं. कुणाकडे, भिंतीच्या अलीकडे की पलीकडे, ते सांगणाऱ्याला ठाऊक नव्हतं.

नागपंचमीला त्यांचा फोन आला. कोकणात या दिवसांत गणपतीच्या शाळेत पाट नेऊन देतात. ज्याच्या घरी मूर्ती यायची त्याचा पाट, मागे खडूने नाव लिहून. काकूंनी पावसाचं सांगितलं, लावणीचं सांगितलं, व्हाळाकडच्यांची म्हैस व्यायली ते सांगितलं. मग म्हणाल्या, "वरच्यांचा पाट गेला शाळेत."

"किती?"

"एक." आणि मी पुढे काही विचारायच्या आत, "तुझी आमसुलं परवा पोस्टाने टाकलीत. मिळाली की पोच कळव."